शहर कोसळते तेव्हा : मुंबई गोदी आणि हिरोशिमा

अणुबॉम्बने शहराची किती हानी झाली, हे सर्वसाधारणपणे दोन आकड्यांत सांगितले जाते : किती माणसे मृत्युमुखी पडली आणि किती इमारती उद्ध्वस्त झाल्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बबाबत हे आकडे बहुतेकांना ठाऊक असतात. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार, तर नागासाकीत सुमारे ७४ हजार लोक दगावले, असे मानले जाते. हिरोशिमातील सुमारे ७६ हजार इमारतींपैकी ९० टक्क्यांहून अधिक इमारती पडल्या, जळाल्या किंवा मोडकळीस आल्या. या दोन आकड्यांच्या मध्ये तिसरी एक हानी असते आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. संकटाच्या वेळी धावून येण्यासाठी शहराने जी व्यवस्था उभी केलेली असते, म्हणजे आगीचे बंब, दवाखाने, पाण्याच्या वाहिन्या, दूरध्वनी, पोलीस चौक्या आणि अगदी रहिवाशांच्या नोंदवह्यासुद्धा, ती व्यवस्था माणसांबरोबर त्याच क्षणी नाहीशी होते. हिरोशिमात एवढी माणसे का मेली, याचे बरेचसे उत्तर या तिसऱ्या हानीत आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हे समजून घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. हिरोशिमाच्या १६ महिने आधी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजावर जे स्फोट झाले, त्यांत अणुशक्तीचा काही संबंध नव्हता. दारूगोळा आणि कापूस यांनीच ते घडवले. परंतु भर वस्तीला लागून एवढा मोठा स्फोट झाला म्हणजे शहराचे काय होते, याचा महाराष्ट्रातील सर्वांत जवळचा दाखला तोच आहे.

कॅनडात १९४२ मध्ये बांधलेले ७ हजार १४२ टनांचे हे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत दाखल झाले. जहाजात सुमारे १ हजार ४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. पाणतीर, सुरुंग, तोफगोळे यांच्या जोडीला लढाऊ विमाने होती आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीत काही जागा रिकामी झाली, तिथे कापसाच्या सुमारे ८ हजार ७०० गाठी, वंगणाचे तेल, लाकूड आणि भंगार भरण्यात आले. कापूस आणि स्फोटके एकाच कोठारात ठेवली गेली. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावावे, असा संकेत होता. या जहाजावर ते नव्हते. युद्धाच्या घाईत असे होणे नवलाचे नाही; पण त्यामुळे शेजारी नांगरलेल्या जहाजांना आणि धक्क्यावर काम करणाऱ्या हमालांना आपण कशाशेजारी उभे आहोत, याची कल्पना नव्हती.

दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर येताना दिसला. अग्निशामक दलाला वर्दी देण्यात उशीर झाला. बंब आल्यानंतर कोठारात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले, तरी आग नेमकी कुठे आहे हे सापडेना. कापसाची आग ही अशीच असते. गाठीच्या आत ती धुमसत राहते आणि वरून पडणारे पाणी तिथवर पोहोचत नाही. चारला दहा मिनिटे कमी असताना जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. १२ किलोमीटर अंतरावरच्या खिडक्यांची तावदाने फुटली. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा, अधिक मोठा स्फोट झाला. त्याची कंपने शिमल्याच्या वेधशाळेतील भूकंपमापकावर नोंदली गेली, असे सांगितले जाते. ‘जलपद्म’ हे हजारो टनांचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावरच्या शेडवर आदळले. एकूण १३ जहाजे नष्ट झाली.

या दोन स्फोटांमधील २८ मिनिटांचे महत्त्व मोठे आहे. पहिल्या स्फोटाने आग विझवणारी पथकेच संपवली. जहाजावर आणि धक्क्यावर पाण्याचे नळ धरून उभे असलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामावर असताना मृत्युमुखी पडले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ. मात्र त्या क्षणी मुंबईपुढचा प्रश्न असा होता, की पेटलेल्या कापसाच्या गाठी आणि तापलेले लोखंड मांडवी, मशीद बंदर या दाट वस्तीवर कोसळत असताना विझवायला जाणार कोण? आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. धान्याची कोठारे जळाली. ५० हजार टनांहून अधिक धान्याची राख झाली आणि तीही बंगालच्या दुष्काळानंतर वर्षभराच्या आत. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. गोदी पुन्हा चालू करण्यासाठी ८ हजार माणसे सात महिने राबत होती आणि त्यांनी सुमारे ५ लाख टन ढिगारा उपसला.

पुढे नेमलेल्या चौकशीत आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गाठींत असावे, असा निष्कर्ष निघाला. कापूस आणि स्फोटके एकत्र ठेवणे, निशाण न लावणे, स्फोटके उतरवण्यास झालेला विलंब आणि अग्निशामक दलाला उशिरा कळवणे या चुकांवर तिथे बोट ठेवले गेले. दुर्घटनेची जबाबदारी सरकारने स्वीकारली आणि दावे करणाऱ्यांना भरपाई दिली.

आता मुंबईच्या शेजारी हिरोशिमा ठेवून पाहावे. फोर्ट स्टिकीनवर सुमारे १ हजार ४०० टन दारूगोळा होता. हिरोशिमावरील युरेनियम बॉम्बची शक्ती सुमारे १५ हजार टन टीएनटीइतकी होती. म्हणजे ढोबळमानाने दहापट. मृतांची संख्या मात्र मुंबईच्या सर्वांत मोठ्या अंदाजाच्याही शंभरपट आहे. दहापट शक्तीने शंभरपट माणसे का मेली, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे पहिले कारण उंची. मुंबईतील स्फोट पाण्याच्या पातळीवर आणि शहराच्या कडेला झाला. त्याचा मोठा जोर समुद्रात आणि गोदीच्या भिंतींत जिरला. हिरोशिमाचा बॉम्ब शहराच्या मध्यावर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फोडण्यात आला. त्या उंचीवरून दाबाची लाट खाली येते, जमिनीवर आपटून परतते आणि दोन्ही लाटा मिळून अधिक मोठे क्षेत्र झोडपून काढतात. ती उंची निवडण्यामागे हाच हिशेब होता.

दुसरे कारण उष्णता. अशा बॉम्बच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी ऊर्जा धक्क्याच्या रूपाने, सुमारे ३५ टक्के उष्णतेच्या आणि प्रकाशाच्या रूपाने, तर सुमारे १५ टक्के किरणोत्साराच्या रूपाने बाहेर पडते. दारूगोळ्याच्या स्फोटात आग एका जागी लागते आणि पसरते. मुंबईत ती पसरायला वेळ लागला आणि त्या वेळात पुष्कळ लोक पळू शकले. हिरोशिमात स्फोटाच्या खालच्या भागातील पृष्ठभागाचे तापमान ३ ते ४ हजार अंश सेल्सियसपर्यंत गेले. साडेतीन किलोमीटर अंतरावरही उघड्या कातडीला भाजले. आग एकाच वेळी हजारो ठिकाणी लागली. तीत चुलींचीही भर पडली, कारण सकाळचे सव्वाआठ वाजले होते आणि कोसळलेल्या घरांखाली न्याहारीचे विस्तव होते. सुमारे वीस मिनिटांत या आगी एकवटू लागल्या आणि चोहोबाजूंनी वारा शहराच्या मध्याकडे ओढला जाऊ लागला. नंतर राखेने आणि किरणोत्सारी कणांनी भरलेला काळा पाऊस पडला.

घरे कशाची बांधलेली होती, याचाही परिणाम होतोच. जपानी घरे लाकडाची आणि वर जड कौलांची. दोन किलोमीटरच्या परिसरातील बहुतेक घरे दाबाच्या लाटेने आडवी झाली आणि नंतर जळाली. याउलट भूकंपाच्या भीतीने मजबूत बांधलेल्या प्रबलित काँक्रीटच्या इमारतींचे सांगाडे केंद्राजवळही टिकले. केंद्रापासून जेमतेम १६० मीटरवर असलेल्या औद्योगिक प्रदर्शन भवनाच्या काही भिंती आणि घुमटाची लोखंडी चौकट उभी राहिली, कारण तिथे दाब जवळजवळ सरळ वरून आला. चेक वास्तुशिल्पी यान लेत्झेल यांनी आखलेली ही १९१५ मधील इमारत आज ‘अणुबॉम्ब घुमट’ म्हणून ओळखली जाते आणि १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आत असलेली माणसे मात्र सगळी गेली. इमारत टिकली म्हणजे माणसे वाचली, असे अणुस्फोटात गृहीत धरता येत नाही.

मराठवाड्यातील घरांबाबत हा विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या तालुक्याच्या गावात जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या आणि वर मातीचे जड माळवद, अशी रचना परंपरेने चालत आली. अशी घरे सहजासहजी पेटत नाहीत आणि जाड भिंतीआड किरणोत्सारापासूनही काही आडोसा मिळू शकतो. पण आडव्या जोरापुढे दगडमातीची भिंत उभी राहत नाही, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दिसून आले. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास ८ हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेक आपल्याच घराच्या भिंती आणि माळवद यांखाली गाडली गेली. भूकंप आणि बॉम्ब यांची तुलना एका मर्यादेपुढे नेऊ नये. किल्लारीत रस्ते मोकळे होताच सोलापूर, लातूर, पुण्याहून डॉक्टर, जवान आणि स्वयंसेवक येऊ शकले. ढिगारा उपसणाऱ्यांना तिथल्या हवेची किंवा धुळीची भीती नव्हती. हिरोशिमात संपूर्ण विध्वंसाचे वर्तुळ केंद्रापासून सुमारे दोन किलोमीटर पसरले होते. वाशी हे अख्खे गाव, त्याची बाजारपेठ, तहसील, शाळा आणि दवाखान्यासह, त्या वर्तुळात सहज मावते.

मुंबईत घडले त्याचे मोठे रूप हिरोशिमात आढळते, ते अग्निशामक यंत्रणेच्या बाबतीत. तिथली सुमारे ७० टक्के अग्निशमन साधने केंद्रे कोसळून चिरडली गेली आणि ८० टक्के कर्मचारी कामावर येऊ शकले नाहीत. बंब शाबूत असते तरी पाणी नव्हते. घराघरांतील जोडण्या सुमारे ७० हजार ठिकाणी तुटल्या आणि वाहिन्यांतील दाब नाहीसा झाला. या सगळ्यात मनाला अधिक लागणारी गोष्ट निराळीच आहे. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरात मोकळे पट्टे तयार करण्याचे काम चालू होते. त्यासाठी घरे पाडण्याच्या कामावर १२ ते १४ वर्षांची शाळकरी मुले लावली होती. त्या सकाळी अशी सुमारे ८ हजार मुले उघड्यावर काम करत होती. त्यांपैकी सुमारे ६ हजार दगावली. आगीपासून शहर वाचवण्यासाठी केलेल्या तयारीनेच ती मुले बॉम्बच्या थेट खाली आणून उभी केली.

वैद्यकीय सेवेची स्थिती याहून बिकट होती. शहरातील ९० टक्क्यांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका ठार किंवा जखमी झाल्या. ४५ नागरी रुग्णालयांपैकी तीनच वापरण्याजोगी उरली. केंद्रापासून दीड किलोमीटरवरील रेडक्रॉस रुग्णालयाची काँक्रीटची इमारत उभी होती, पण आतल्या भिंती, काचा, औषधे, उपकरणे यांचा चुराडा झाला होता आणि तिच्या दारात हजारो भाजलेले लोक येऊन बसले होते. मुंबईत १९४४ मध्ये जे. जे., गोकुळदास तेजपाल आणि सेंट जॉर्ज ही रुग्णालये उभी होती. जखमींना न्यायला जागा होती. हिरोशिमात भाजलेल्या माणसाला पाणी आणि साधी मलमपट्टी मिळणेही दुरापास्त झाले. वेळेवर उपचार मिळते तर त्यांतील बरेच जण वाचले असते.

नागासाकीचा बॉम्ब अधिक शक्तिशाली, सुमारे २१ किलोटनांचा होता. तरी मृतांची संख्या तुलनेने कमी राहिली. ढगांमुळे आणि धुरामुळे कोकुरा हे मूळ लक्ष्य सोडून विमान नागासाकीकडे वळले आणि बॉम्ब उराकामीच्या खोऱ्यात फुटला. मधल्या टेकड्यांनी शहराच्या दुसऱ्या भागाला आडोसा दिला. मात्र शहरातील तीन चतुर्थांशांहून अधिक खाटा असलेले वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय त्याच खोऱ्यात होते. महाविद्यालयातील सुमारे ९०० शिक्षक, विद्यार्थी आणि कर्मचारी मृत्युमुखी पडले.

किरणोत्साराचे परिणाम हे अणुस्फोटाचे वेगळेपण. वरून धडधाकट दिसणारी माणसे काही दिवसांनी वा आठवड्यांनी केस गळून, रक्तस्राव होऊन आणि संसर्गाने दगावली. दोन-तीन वर्षांनी रक्ताचा कर्करोग वाढलेला दिसू लागला आणि पुढील दशकांत इतर अवयवांचे कर्करोग. १९४७ मध्ये अमेरिकेने स्थापन केलेल्या आयोगाने आणि १९७५ पासून जपान-अमेरिका यांच्या संयुक्त संशोधन प्रतिष्ठानाने सुमारे १ लाख २० हजार लोकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. किरणोत्साराच्या धोक्याविषयी जगात जे निकष वापरले जातात, त्यांचा मोठा आधार हाच अभ्यास आहे. वाचलेल्यांच्या मुलांमध्ये आनुवंशिक दोष वाढल्याचा स्पष्ट पुरावा त्यात आढळलेला नाही. तरीही या भीतीपोटी ‘हिबाकुशा’ म्हणवल्या जाणाऱ्या वाचलेल्यांना लग्नात आणि नोकरीत डावलले गेले. त्यांच्या उपचारांसाठी जपान सरकारने १९५७ मध्ये कायदा केला. त्यांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ मध्ये नोंदणीकृत हिबाकुशांची संख्या १ लाखाच्या खाली आली आणि त्यांचे सरासरी वय ८६ वर्षे झाले.

असा बॉम्ब मुंबईवर पडला तर काय होईल, याचा हिशेबही मांडला गेला आहे. पोखरणच्या चाचण्यांनंतर वर्षभराने, १९९९ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमण यांनी या विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिरोशिमाएवढ्या, म्हणजे १५ किलोटनांच्या बॉम्बने मुंबईत तत्काळ आणि नजीकच्या काळात सुमारे १ लाख ६० हजार ते ८ लाख ६६ हजार लोकांचा मृत्यू होईल, असा तो अंदाज होता. दोन टोकांतील अंतर मोठे आहे, कारण लोकवस्तीची घनता मुंबईत एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात गेले तरी कित्येक पटींनी बदलते. आजच्या अनेक अण्वस्त्रांची शक्ती १०० किलोटनांहून अधिक आहे.

मृतांच्या आकड्यांपुढे ‘सुमारे’ हा शब्द का लागतो, तेही इथे पाहायला हवे. मुंबईत गोदीच्या निरनिराळ्या सेवांतील २३१ मृतांची नोंद झाली. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यांतच आले. हे लोक पगारपत्रकावर होते. नागरिकांची संख्या ‘५०० हून अधिक’ एवढीच सांगितली जाते, आणि काही अंदाज एकूण मृत १ हजार ३०० पर्यंत नेतात. कोकणातून, घाटावरून रोजंदारीसाठी आलेल्या हमालाचे नाव कोणत्याही कागदावर नसे. सोन्याच्या विटांचा हिशेब मात्र पक्का राहिला. १९७० च्या दशकात आणि अगदी २०११ मध्येही गोदीतला गाळ काढताना त्यांतील विटा सापडल्या. बातमीही दडपली गेली. युद्धकाळातील निर्बंधांमुळे मुंबईच्या स्फोटाचे वृत्त मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत छापू दिले नाही. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ते दुसऱ्याच दिवशी जगाला ऐकवले होते. पुढे जपानवर अमेरिकेचा ताबा आल्यावर तिथल्या वृत्तपत्रांवरही असेच निर्बंध आले. बॉम्बग्रस्तांची छायाचित्रे सर्वसामान्य जपानी वाचकाला मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाली ती ऑगस्ट १९५२ मध्ये.

हिरोशिमात तर संपूर्ण मोहल्लेच त्यांच्या नोंदींसह जळाले. मृतांत कोरियातून आणलेले हजारो मजूर होते. त्यांच्याविषयी विचारायला शहरात कोणी नातेवाईक नव्हते. केंद्राजवळच्या शांतता उद्यानात गवताने झाकलेला एक मातीचा उंचवटा आहे. त्याच्याखाली सुमारे ७० हजार जणांच्या अस्थी आहेत. त्यांतील आठशेहून अधिक जणांची नावे ठाऊक आहेत, पण त्यांच्या अस्थी न्यायला कोणी आलेले नाही. ही नावे हिरोशिमा शहर दरवर्षी नव्याने प्रसिद्ध करते.